टेबलावर अंथरलेलं घोंगडं

घरासाठी कर्ज काढायला बँकेत गेलं की कागदपत्रं उघडण्याआधीच प्रश्न येतो, "सिबिल किती आहे?" हा शब्द आता गावोगावी पोचलाय. पीककर्ज मागायला गेलेला शेतकरीही "सिबिलमुळे अडलं" असं सांगतो. २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या नावातली आद्याक्षरं जोडून हा शब्द तयार झाला: क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड. सिबिलच्या मधोमध बसलेला 'ब' हा ब्युरोचा. सीबीआयमधला 'बी' तोच, एसीबीमधला शेवटचा 'बी' तोच आणि सोन्याच्या हॉलमार्कचा कारभार पाहणाऱ्या बीआयएसमधला पहिला 'बी'सुद्धा तोच. वर्तमानपत्रात ब्युरो चीफ असतो, आणि मुलामुलींची नावं नोंदवायला आईवडील मॅरेज ब्युरोत जातात.

हा शब्द फ्रेंच आहे, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण मुळात तो एका कापडाचं नाव होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो वाटून घ्यावा म्हणून हा लेख.

कापडही कसलं? जाडंभरडं, अंगाला टोचणारं, लोकरीचं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'बुर्रा' म्हणजे लोकरीचा पुंजका किंवा केसाळ कापड. त्यावरून फ्रेंचमध्ये 'ब्युर' आला आणि त्याचं लघुरूप 'ब्युरेल'. जुन्या फ्रेंचमधला शब्दाच्या शेवटचा 'एल' पुढे अनेक ठिकाणी 'ओ' झाला. 'शास्तेल' म्हणजे किल्ला, त्याचा 'शातो' झाला. तसाच 'ब्युरेल'चा 'ब्युरो'. यातला पहिला स्वर मराठीत नाही. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल करायचे आणि 'इ' म्हणायचं, की तो जवळपास जमतो.

ख्रिस्ती संन्याशांचे झगे ज्या कापडाचे असत त्याला फ्रेंच लोक आजही 'ब्युर' म्हणतात. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे घोंगडी. गरिबाचं, मेंढपाळाचं, विरक्ताचं वस्त्र. फ्रेंचमध्ये एक जुनी म्हण आहे, तिचा अर्थ असा: ब्युरोचं मोल लाल बनातीइतकंच. लाल बनात श्रीमंतांची, ब्युरो गरिबांचा, पण माणसाची किंमत कपड्यावरून ठरत नाही. ज्या भाषेत ही म्हण तयार झाली, तिच्यात 'ब्युरो' म्हटल्यावर डोळ्यांसमोर कापडच येत होतं.

मग कापडाचं कार्यालय कसं झालं?

मध्ययुगात हिशेब करायचा म्हणजे मेजावर नाणी किंवा मोजणीच्या चकत्या मांडायच्या, त्या सरकवायच्या, जोडीला लिहायचं. अशा मेजांवर हे जाड कापड अंथरत. हळूहळू त्या कापडाचं नाव मेजाला मिळालं. मग ज्या खोलीत ते मेज होतं ती खोली ब्युरो झाली. पुढे त्या खोलीत चालणारं काम ब्युरो, आणि शेवटी ते काम करणारी माणसं म्हणजेही ब्युरो. प्रत्येक वेळी शब्द फक्त शेजारच्या वस्तूवर सरकला.

शब्दांचं हे सरकणं आपल्याला परकं नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात, आणि 'गंगायां घोषः' हे त्याचं ठरलेलं उदाहरण. घोष म्हणजे गवळीवाडा. तो गंगेच्या पाण्यात असू शकत नाही, म्हणून 'गंगा' या शब्दाचा अर्थ गंगेचा काठ असा घ्यायचा. पण शास्त्रापर्यंत जायचीही गरज नाही. पंगतीत "अजून दहा पानं वाढा" म्हटलं की केळीची पानं मोजत नाहीत, माणसं मोजतात. 'सातारची गादी' म्हणताना कापसाची गादी कोणाच्या मनात येत नाही; राज्य येतं. बसायच्या कापडावरून सत्तेपर्यंतचा पल्ला मराठीने एका शब्दात गाठलाय. फ्रेंचांनी तेच मेजावरच्या कापडाचं केलं.

हिशेबाच्या मेजावरच्या कापडाने इंग्लंडमध्येही एक मोठा शब्द घडवलाय. १२व्या शतकात तिथल्या राजाच्या खजिन्याचा हिशेब एका मेजावर होई. त्या काळच्याच एका अधिकाऱ्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, आणि त्यावर रेघा मारलेलं काळं कापड. रेघांच्या रकान्यांत चकत्या ठेवून बेरजा-वजाबाक्या करत. दिसायला ते बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून पटाला असलेला जुना फ्रेंच शब्द त्याला लागला आणि त्याचाच 'एक्स्चेकर' झाला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात. पटाचं ते फ्रेंच नाव आलं बुद्धिबळातल्या 'शह'वरून, आणि शह म्हणजे फारसी शाह, राजा. बँकेचा चेक आणि शर्टाचे चेक्सही याच घराण्यातले. हा शाह लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

फ्रान्समध्ये दरम्यान ब्युरो नावाच्या मेजाचं भाग्य उजळलं. घोंगडं मागे पडलं आणि सुताराची कला पुढे आली. १७६० मध्ये पंधराव्या लुईसाठी एक लिहिण्याचं मेज करायला घेतलं, ते पुरं व्हायला १७६९ साल उजाडलं. ज्यां-फ्रान्स्वा ओबेन याने ते सुरू केलं आणि तो वारल्यावर ज्यां-आंरी रिझनेर याने संपवलं. वरून सरकतं झाकण, लाकडात लाकूड बसवून काढलेली फुलं, सोनेरी काशाचं काम. ते व्हर्सायच्या राजवाड्यात आहे आणि त्याचं नाव आहे 'ब्युरो द्यु र्‍वा', राजाचं ब्युरो. संन्याशाच्या झग्याचं नाव राजाच्या मेजापर्यंत पोचलं.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात प्रिय असलेला माणूस. व्हँसां द गुर्ने, जन्म १७१२, गाव सँ-मालो. तरुणपणी स्पेनमधल्या कादिझ बंदरात व्यापार केला, पुढे १७५१ मध्ये फ्रान्सच्या व्यापारखात्यात मोठ्या हुद्द्यावर आला. व्यापारी म्हणून बाहेरून पाहिलेलं सरकार त्याला आता आतून दिसू लागलं. त्या काळी फ्रान्समध्ये कापड कसं विणायचं याचे सरकारी नियम होते. पन्हा किती रुंद, ताण्यात धागे किती, रंग कसा लावायचा. १७व्या शतकात कोलबेर या मंत्र्याने ही व्यवस्था पक्की केली होती, आणि नियम पाळले जातात का हे बघायला निरीक्षक गावोगाव फिरत. गुर्ने १७५९ मध्ये वारला. त्यानंतर त्याचा तरुण मित्र त्युर्गो याने त्याच्यावर लेख लिहिला. त्यात तो सांगतो की गुर्नेला कसला धक्का बसला होता: नियमात न बसणारं कापड कापून त्याचे तुकडे केले जात, आणि ज्या बिचाऱ्याने ते विणलं त्याला असा दंड होई की तो कुटुंबासकट भिकेला लागावा.

याच गुर्नेने 'ब्युरोक्रासी' हा शब्द घडवला. ब्युरो हे फ्रेंच, आणि त्याला जोडलेलं 'क्रातोस' हे ग्रीक, म्हणजे सत्ता. लोकांची सत्ता ती डेमोक्रसी, श्रेष्ठांची सत्ता ती ॲरिस्टोक्रसी, आणि ही टेबलांची सत्ता. त्याने स्वतः हा शब्द कुठे छापला नाही. तो बोलण्यात वापरायचा, आणि आपल्यापर्यंत तो आला ग्रिम नावाच्या एका लेखकाच्या पत्रांमुळे. १७६४ च्या पत्रात ग्रिम लिहितो की दिवंगत गुर्ने म्हणायचे, फ्रान्सला एक आजार जडलाय, त्याचं नाव ब्युरोमानी, म्हणजे ब्युरोचं वेड. आणि कधीकधी ते राज्यपद्धतींच्या यादीत चौथी किंवा पाचवी पद्धत म्हणून ब्युरोक्रासी घालायचे. पुढच्या वर्षी ग्रिमने आणखी नेमकं लिहिलं: इथे कचेऱ्या, कारकून, निरीक्षक लोकहितासाठी नेमलेले नाहीत, उलट कचेऱ्या असाव्यात म्हणून लोकहित निर्माण केल्यासारखं वाटतं.

कापडाच्या नियमांनी विणकराचं घर बुडताना पाहिलेला माणूस सत्तेला नाव देतो, आणि त्या नावाच्या पोटात पुन्हा कापडच. गुर्नेला ब्युरोचा जुना अर्थ आठवत होता का, हे शोधायला कुठलाच कागद उरलेला नाही. मी मात्र तो जोडून बघितल्याशिवाय राहू शकत नाही.

फ्रेंच अकादमीच्या कोशात हा शब्द १७९८ मध्ये आला. तोवर क्रांती होऊन गेली होती, राजा गेला होता, टेबलं होती तिथेच होती. विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने या शब्दातली शिवी बाजूला ठेवली आणि लिखित नियम, फायली, अधिकारांची उतरंड, नेमून दिलेलं काम अशी त्याची शास्त्रीय मांडणी केली. लोकांच्या तोंडी मात्र शिवी राहिली ती राहिलीच.

मराठीत ब्युरोक्रसीला नोकरशाही म्हणतो, आणि या शब्दाची घडण फ्रेंचइतकीच लांबून आलेली आहे. 'नोकर' मुळात मंगोल भाषेतला. चंगीझखानाच्या काळात सरदाराला निष्ठा वाहिलेला सोबती तो 'नोकोर'. तो शब्द फारसीत आला, तिथून आपल्याकडे, आणि वाटेत सोबत्याचा चाकर झाला. 'शाही'मधला शाह म्हणजे मगाचाच बुद्धिबळातला राजा. फ्रेंचांनी टेबल राज्य करतंय असं म्हटलं, आपण नोकर राज्य करतोय असं म्हटलं. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो. टेबलाला कोणी काही विचारू शकत नाही. नोकराला "तू कोणाचा नोकर?" असं विचारता येतं.

ब्युरो शब्द फ्रान्सबाहेर पडला तेव्हा प्रत्येक भाषेने त्याच्या प्रवासातला आपल्याला आवडलेला मुक्काम उचलला. डच लोकांनी मेजही घेतलं आणि कचेरीही. त्यांच्याकडे पोलीस चौकी म्हणजे 'पोलित्सीब्युरो'. जर्मनांनी कचेरी घेतली. पोलिश भाषेने फार गोड गोष्ट केली: कचेरी ती 'ब्युरो', आणि त्याला लाडाचा, छोटेपणाचा प्रत्यय लावून लिहायचं मेज ते 'ब्युर्को'. ज्या भाषेतून शब्द आला तिथे मेजाची कचेरी झाली होती; पोलिशमध्ये छोटी कचेरी म्हणजे मेज. रशियनमध्ये मेज आणि कार्यालय हे दोन्ही अर्थ गेले, पण जगाला माहीत झाला तो तिसरा, समितीचा. पक्षाचं राजकीय ब्युरो ते 'पॉलिटब्युरो', १९१९ पासून सोव्हिएत सत्तेचं खरं केंद्र. आपल्याकडच्या डाव्या पक्षांच्या बातम्यांत तो शब्द अजून येतो. हा समितीचा अर्थ रशियनांनी शोधलेला नाही. फ्रान्समध्ये साध्या क्रीडामंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार मिळूनही 'ब्युरो'च होतो.

लिहायच्या मेजाला खाली खण असतात. अमेरिकेत त्या खणांनाच महत्त्व आलं, लिहायचा भाग गळून गेला, आणि ब्युरो म्हणजे कपडे ठेवायचं खणांचं कपाट झालं. स्वीडिशमधला 'ब्युरो'ही तसाच, खणांचं कपाट. आणि प्रवासकंपनीलाही तोच शब्द. मेक्सिकोत पलंगाशेजारचं छोटं मेज म्हणजे 'बुरो'. अमेरिकेतल्या अर्थाजवळ जरा थांबावंसं वाटतं. मेजावर अंथरलेल्या कापडापासून निघालेला शब्द आठशे वर्षं फिरून शेवटी कापड घडी करून ठेवायच्या कपाटापाशी आला.

खुद्द फ्रेंचमध्ये मेज, अभ्यासाची खोली, कचेरी हे सगळे अर्थ एकाच शब्दात आजही सुखाने नांदतात. मतदान केंद्र हे मतदानाचं ब्युरो, टपाल कचेरी हे टपालाचं ब्युरो, कंप्युटरचा डेस्कटॉपही ब्युरोच. नाटक हाउसफुल्ल झालं की ते म्हणतात, ब्युरो बंद ठेवून प्रयोग झाला. इथे ब्युरो म्हणजे तिकीटखिडकी. मॉरिशसमध्ये १९व्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज राहतात. ती मराठी माणसं क्रिओल ही तिथली फ्रेंचपासून घडलेली भाषा बोलताना ऑफिसला 'बिरो' म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र बिरो म्हणजे बॉलपेन, आणि ते नाव लास्लो बिरो या हंगेरियन संशोधकाचं आहे. दोन्ही गोष्टी मेजावर सापडत असल्या तरी नातं नाही.

मराठीने ब्युरोला एक ठरलेला प्रतिशब्द दिला नाही, आणि ते मला योग्य वाटतं. अँटी करप्शन ब्युरोला आपण लाचलुचपत प्रतिबंधक विभाग म्हणतो, प्रेस इन्फर्मेशन ब्युरोला पत्र सूचना कार्यालय, आणि मॅरेज ब्युरोला वधू-वर सूचक मंडळ. विभाग, कार्यालय, मंडळ. फ्रेंच शब्दात एकमेकांवर बसलेले थर मराठीने सुटे करून वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेत.

पण मराठीत एक शब्द असा आहे, ज्याची गोष्ट ब्युरोच्या गोष्टीला अगदी जुळी आहे. तो म्हणजे दप्तर. ग्रीकमध्ये 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. कातड्यावर लिहीत. हिरोडोटस सांगतो की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही जुन्या सवयीने कातडीच म्हणत. तो शब्द पूर्वेकडे सरकला आणि अरबी-फारसीत 'दफ्तर' झाला: आधी वही, मग नोंदींचा संग्रह, मग तो संग्रह ठेवायची जागा. तुर्कीत 'देफ्तेर' ही वही आहे, इंडोनेशियात 'दाफ्तार' ही यादी आहे, हिंदीत दफ़्तर म्हणजे ऑफिस. मराठीने मात्र वेगळंच केलं. तिने ते शाळेला जाणाऱ्या पोराच्या पाठीवर दिलं. याच दिफ्थेरावरून १८२६ मध्ये ब्रतोनो या फ्रेंच डॉक्टरने घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाचं नाव बनवलं, तो डिफ्थेरिया, आपला घटसर्प. लहान मुलांना टोचायची लस आणि त्यांच्या पाठीवरचं दप्तर एकाच शब्दाची लेकरं आहेत.

दप्तरात कापडही येतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून वेचे काढून ४५ खंड संपादित केले, तेच ते. तिथे मोडीतले कागद चौकोनी कापडात गाठ मारून बांधलेले असतात, आणि त्या बोचक्याला म्हणतात रुमाल. अभ्यासक संदर्भ देतात तोही रुमाल क्रमांक घालून. म्हणजे गुंडाळायच्या कापडाचं नाव आतल्या कागदांना मिळालं. जे पॅरिसमध्ये मेजावर घडलं, तेच पुण्यात फडताळात घडलं, एकमेकांचा पत्ताही नसताना. इंग्लंडात सरकारी कागद तांबड्या फितीने बांधत, तिच्यावरून आलेली लालफीतही कापडाचीच.

आणि घोंगडं? सरकारी कचेरीत काम अडकलं की आपण म्हणतो, भिजत घोंगडं पडलंय. भिजलेलं घोंगडं जड होतं, लवकर वाळत नाही, अंगावर घेता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. या वाक्प्रचाराचा फ्रेंच ब्युरोशी काडीचाही संबंध नाही. तरीही कचेरी आणि जाडीभरडी लोकर इथे पुन्हा शेजारी आलीच.

जुन्या 'ब्युरेल'चा एक सख्खा भाऊ मात्र कचेरीत कधी गेलाच नाही. पोर्तुगीजमध्ये 'बुरेल' म्हणजे आजही कापडच. सेर्रा दा एस्त्रेला या डोंगराळ मुलखातल्या मेंढपाळांच्या अंगावरचे कांबळे त्याचे असत, आणि तिथे मांतेइगाश गावाच्या परिसरात ते अजून विणलं जातं. मेंढ्यांची लोकर कातून मागावर कापड काढतात, मग ते पाण्यात भिजवून ठोकत राहतात. ठोकता ठोकता ते आटतं, धागे एकमेकांत घट्ट बसतात, आणि वाळल्यावर त्यातून वाराही जात नाही आणि पाऊसही.